‘पेरलंय म्हणावं!’ : गारगोटी ते आंबोली, कान उघडे ठेवून

मार्चमध्ये बाबांच्या दोन्ही कानांना मशीन बसलं. वय बहात्तर. तपासणीच्या आलेखात स्पष्ट दिसत होतं, की जाड, खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि बारीक, उंच पट्टीतले जवळजवळ गेलेले आहेत. वयामुळे ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा बहुतेकांचं असंच होतं. आणि हे इतकं हळूहळू होतं, की काय गेलं ते माणसाला कळतसुद्धा नाही. बाबांना कोकीळ ऐकू येत होता, भारद्वाजाचं घुमणं येत होतं, होले येत होते. शिंजीर, चष्मेवाला, मुनिया मात्र त्यांच्यापुरते कधीतरी गप्प झाले होते. मशीन लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून त्यांनी विचारलं, “जास्वंदीवर हे काय चिवचिवतंय गं? नवीन आलंय का?” शिंजीर होता. आमच्या जास्वंदीवर तो वर्षानुवर्षं येतो.

त्याच आठवड्यात ठरलं, की मृग लागायच्या आत बाबांना घेऊन त्यांच्या गावी जायचं आणि तिथून आजऱ्यामार्गे आंबोलीला. मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक पक्ष्यांच्या विणीचा, म्हणून गाण्याचाही भर. दुर्बीण घरीच ठेवली. फक्त ऐकायचं, एवढं एकच ठरवलं होतं.

मंगळवार : पुणे ते गारगोटी

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी निघालो, कोल्हापुरात जेवलो. बाबांनी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. दुपारी चारच्या सुमारास गारगोटीच्या पुढचं आमचं गाव आलं. बाबांचे चुलतभाऊ तात्या दारातच उभे होते.

“या दादा. मशीन बसवलंय म्हनं?”

“व्हय, बसवलंय.”

पुण्यात चाळीसहून जास्त वर्षं ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ‘व्हय’ पायरीवरच आलं. पुढचे दिवस ते बदललं नाही.

हवा कोंदट होती. पश्चिमेला डोंगरावर ढगांची काळी रांग, पण वळीव येऊन गेलेला आणि पुढचा पाऊस अजून घाटाच्या खालीच. भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी या पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी करतात. पावसाची वाट न बघता रोहिणीत कोरड्या रानातच कुरीनं बी पेरायचं आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. तात्यांचं पेरून झालं होतं. चहा झाल्यावर आम्ही बांधावर गेलो आणि आंब्यातून पावशा सुरू झाला.

ज्यांनी तो मुद्दाम ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन सुरांचा एक तुकडा. तोच पुन्हा, पण थोडा वर. पुन्हा, आणखी वर. असा चढत चढत जातो, आता याचा गळा फाटणार असं वाटतं तिथे अचानक थांबतो, आणि थोड्या वेळानं परत खालून सुरुवात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकलं आहे. पुस्तकात वाचून हे मला ठाऊक होतं. तात्यांनी मात्र त्याला उत्तरच दिलं. आंब्याकडे हात करून, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, “पेरलंय म्हनावं! आता पाऊस धाड.”

मी हसले, तसं तात्या म्हणाले, “हसू नगंस बाळ. आमचा बा ह्यो वरडाय लागल्यावर कुरी बाहीर काडायचा. कॅलेंडर कुनाकडं हुतं?”

रात्री भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फणसाची भाजी आणि चुलीत भाजलेल्या आठळ्या. अंगणात बाजा टाकून झोपलो. पावशा मध्यरात्रीनंतरही ओरडत होता. बाबांनी मशीन काढून उशाला ठेवलं होतं, तरी म्हणाले, “अजून येतोय ऐकू.” त्याचा आवाज मधल्या पट्टीतला, दणदणीत. तो त्यांच्याकडून कधी गेलाच नव्हता.

बुधवार : तात्यांचं शिवार

पहाटे साडेचारला उठलो. पक्षी ऐकायचे तर एवढी एक गोष्ट चुकवून चालत नाही. उजाडायच्या आधी वारा पडलेला असतो, आवाज दूरवर जातो, किडे दिसत नसल्यामुळे पक्ष्यांनाही खाण्याची घाई नसते. सात वाजले की निम्मा कार्यक्रम संपलेला असतो.

आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो आणि एकेक आवाज जसा मिसळेल तसा कागदावर टिपत गेलो. सगळ्यात आधी दयाळ, अजून पूर्ण अंधार असताना. मग कोकीळ. मग डोंगराच्या बाजूनं मोर. फटफटल्यावर बुलबुल, आणि मग एकदम इतके आवाज, की वेगळे काढता येईनात. बाबा डोळे मिटून बसले होते. मध्येच बोटानं दिशा दाखवत. “हे डावीकडचं बारीक काय आहे?” मुनियांचा थवा होता. “हे मला लहानपणी ऐकू यायचं,” ते म्हणाले. “आठवतंय. कोळप्याच्या मागून चालताना.”

तासाभरानं सातभाईंचं टोळकं कलकलत आलं आणि त्यांच्यामागून आंब्यातला पावशा पुन्हा तापला. या दोघांचा संबंध मला या सहलीतला सगळ्यात विलक्षण वाटतो. पावशाची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालते. पिल्लू सातभाई वाढवतात, त्यांचाच कलकलाट ऐकत ते मोठं होतं. आपला बाप त्याला कधी भेटत नाही. आणि तरी पुढे गळा फुटतो तेव्हा त्यातून ‘पेरते व्हा’च निघतं, सातभाईंचं काही निघत नाही. कोकिळाच्या कुळातल्या पक्ष्यांना गाणं शिकावं लागत नाही, ते जन्मतःच आत लिहिलेलं असतं. तो समोरचा दयाळ मात्र वेगळ्या गटातला. त्याच्यासारख्या गाणाऱ्या पक्ष्यांना पिल्लूपणी मोठ्यांचं ऐकावं लागतं, मग अडखळत, चुकत गळा तयार करावा लागतो.

तात्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ आंब्याकडे बघत राहिले. “म्हंजे त्याला कुनी सांगितलेलंच न्हाई पेरते व्हा म्हून?”

“नाही तात्या.”

“मग टायमाला कसा येतोय?”

हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याला चटकन पटणारं आहे. पावशा मादीला हाका घालत असतो, आपल्याशी त्याला कर्तव्य नाही. पण त्याच्या विणीचा मोसम सातभाईंच्या विणीशी बांधलेला, त्यांचा पावसावर येणाऱ्या किड्या-अळ्यांशी, आणि आपली पेरणी त्याच पावसाशी. एकाच आभाळाकडे बघून तिघंही कामाला लागतात. ज्यांनी त्या हाकेत पहिल्यांदा ‘पेरते व्हा’ ऐकलं, त्यांनी चुकीचं काही ऐकलं नव्हतं, असं मला आता ठामपणे वाटतं. शब्द त्यांनी आपले घातले, वेळ पक्ष्याकडून घेतली.

न्याहारीनंतर तात्यांनी खालच्या शेताच्या टोकाला नेलं. तिथे दहाएक पावलांचा एक तुकडा पेरलेला नव्हता आणि चार बाजूंना चार काठ्या रोवल्या होत्या. आम्ही अजून लांब असतानाच टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. मातीतल्या खळग्यात, खड्यांच्या कडेत, चार ठिपकेदार अंडी. दोन पावलांवरून बघितली तरी ढेकळांतून वेगळी दिसत नव्हती. तात्या कुळवत असताना ती अंगावर धावून आली होती.

“औंदा उंचवट्यावर घातल्यात. पाऊस लई हाय बघ.”

टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधणं सगळ्या महाराष्ट्रात आहे. कावळ्यानं घरटं आंब्यावर केलं की काटेरी झाडावर, यावरूनही बांधतात. या अंदाजावर मी पीक लावणार नाही. पण तो अंदाज बांधण्यासाठी दरवर्षी कुणीतरी टिटवीचं घरटं शोधत हिंडतं, आणि ते सापडल्यावर त्याच्याभोवती काठ्या रोवतं. पेरणीच्या ऐन घाईत कुरी वळवून घेतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही लगेच मागे फिरलो. जमिनीवरच्या घरट्यापाशी रेंगाळू नका. आई उन्हात अंडी सोडून आपल्यामागे ओरडत फिरते आणि कावळे हे सगळं वरून बघत असतात.

काकींचं मत टिटवीबद्दल वेगळं होतं. रात्री ओरडली की अभद्र, घरात कुणाचंतरी काहीतरी होणार. बाबा म्हणाले, “वहिनी, रानात कोल्हं फिरत असंल.” काकींना ते फारसं पटलं नाही. पण त्या रात्री ती ओरडली तेव्हा तात्या बॅटरी घेऊन उठले आणि खरोखरच खालच्या बांधावरून एक कुत्रं हाकलून आले. रानातल्या घराला टिटवी म्हणजे जागल्याच. तिच्या ओरडण्याची भीती पडली असेल तर ती यातूनच, की अंधारात ती ओरडते तेव्हा बाहेर खरंच कुणीतरी असतं.

ऐकायला जाणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगून ठेवते. आवाज ऐकला की आधी वहीत लिहा, आपल्याच अक्षरांत. ‘टुक-टुक-टुक’, ‘कुटुर-कुटुर’, जसं वाटेल तसं. शेजारी रेघ काढा, सूर चढतो की उतरतो ते दाखवणारी. मग हवं तर फोनमध्ये बघा. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं मर्लिन ॲप मोफत आहे, आवाजावरून पक्षी सुचवतं, आणि पुण्याहून निघतानाच भारताची माहिती उतरवून घेतली तर रेंज नसतानाही चालतं. पण ते आधी उघडलं तर कान कामच करत नाही, डोळे नुसते पडद्यावर उमटणाऱ्या नावांकडे लागतात. आमच्या घरी तयारी उलट्या बाजूनं झाली होती. झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांनी टिपलेले आवाज आहेत. बाबा रोज संध्याकाळी त्यातले तीन-चार पक्षी ऐकत आणि दुसऱ्या दिवशी मला परीक्षा घ्यायला लावत. रानात मात्र फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला. घरटं आणि पिल्लं सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत बसतो.

गुरुवार : आजरा, रामतीर्थ, आणि घाटमाथा

काकींनी निघताना घनसाळ तांदळाची पिशवी दिली. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, पण पिशवीचं तोंड उघडल्यावर जो वास येतो त्यापुढे प्रमाणपत्राची गरज पडत नाही. सगळी गाडी त्या वासानं भरून गेली.

आजऱ्याजवळ रामतीर्थाला थांबलो. इथे हिरण्यकेशी खडकांवरून उतरते. जूनच्या सुरुवातीला पाणी कमीच, त्यामुळे ऐकायला जागा उत्तम. पांढऱ्या भुवईचा धोबी ओल्या खडकावर शेपटी हलवत गात होता. धोबी गातो आणि इतका गोड गातो, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं, कारण तो सारखा दिसत असतो आणि जे दिसतं ते आपण ऐकायचं सोडून देतो. देवळातल्या घंटेच्या मधल्या वेळात तो सुरू व्हायचा.

इथून आंबोली तासाभरावर. गंमत अशी, की रस्ता जातो तो याच नदीच्या उगमाकडे. चढ लागला, झाडी दाट झाली, आणि एका वळणावर गाडी अक्षरशः ढगात शिरली. काचा खाली केल्या. पहिला आवाज आला तो कुटुर्ग्याचा. एकानं सुरू केलं की दुसरा, मग तिसरा, सगळी दरी ‘कुटुर-कुटुर’नं भरून गेलेली. पाठोपाठ थेंब.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसाची ही पहिलीच सर होती. उतरलो त्या घरच्या काकी अंगणातली लाकडं आत घेत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, “पावसाक घेवनच इलात.” जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी. वीज संध्याकाळीच गेली ती रात्री उशिरापर्यंत आली नाही. आंबोलीत पावसाळ्यात हे गृहीत धरा आणि बॅटरी, पॉवरबँक सोबत ठेवा.

मी कस्तूरबद्दल विचारलं. नाव ऐकून काकींना काही उलगडेना. मी थोडी शीळ घालून दाखवली तसा त्यांचा चेहरा खुलला. “तो काय! तो चार वाजल्यापासून सुरू करता. कोण पोरगो रस्त्यार शीळ घालीत जाता असाच वाटता. माझो सासरो सांगी, हो गावंक लागलो काय इरली भायर काढूची.”

घाटाच्या वर पावशा ऐकून कुरी बाहेर निघते आणि घाटाच्या या तोंडाशी कस्तूर ऐकून इरली. दोन घरांतल्या दोन माणसांनी एकमेकांना न बघता मला एकच गोष्ट सांगितली होती.

शुक्रवार : कस्तूर

साडेचारला काकींनीच दार वाजवलं. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. घरामागे ओढा आहे, त्याच्या आवाजावर तरंगत ती शीळ आली.

मलबारी शीळकरी कस्तूर. रंगानं गडद निळा, जवळजवळ काळा, कपाळावर आणि खांद्यावर चकचकीत निळा पट्टा. पण त्या अंधारात रंगाचा प्रश्नच नव्हता. ओढ्याकाठच्या खडकांत, कधी पुलाच्या मोरीतही तो घरटं करतो आणि पावसाळा हाच त्याच्या गाण्याचा काळ. त्याच्या गाण्याला ठरलेला मुखडा नाही. काहीतरी आठवत असल्यासारखा एक सूर काढतो, सोडतो, दुसरा धरतो, वर जातो, मध्येच विसरल्यासारखा थांबतो. माणसाच्या शिळेच्या इतक्या जवळचा आवाज दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचा मी ऐकलेला नाही. अंगावर काटा आला.

बाबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. “हा थरथरतोय का गं? सूर हलतोय.”

माझ्या कानाला सूर अगदी सरळ होता. मग लक्षात आलं. कानाच्या मशीनमध्ये त्याची स्वतःची शिट्टी थांबवण्याची सोय असते. बाहेरून येणारा शुद्ध, लांबवलेला सूर, मग तो बासरीचा असो की शिळेचा, त्या यंत्रणेला कधीकधी आपलीच शिट्टी वाटतो आणि ती तो दाबायला जाते. शिवाय ही मशिनं मुळात माणसाचं बोलणं ऐकायला जुळवलेली असतात. पाखरांचा आवाज गोंगाट म्हणून गाळला जाऊ शकतो. आमच्या ऑडिऑलॉजिस्टबाईंनी निघण्याआधी ‘संगीत’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम घालून दिला होता, त्यात हे गाळणं-दाबणं जवळजवळ बंद असतं. बाबांनी बटण दाबून तो लावला. आठ्या गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी एका कानातलं मशीन काढूनच ठेवलं. कस्तुराची पट्टी शिंजिराइतकी उंच नसते, उघड्या कानालाही ती पोचत होती.

“एका कानानं तो, दुसऱ्या कानानं बाकीचे,” असं म्हणून ते ओट्यावर तसेच बसून राहिले. उजाडेपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

घरातल्या कुणासाठी मशीन घेतलं असेल तर या प्रोग्रॅमबद्दल जरूर विचारा, फार थोडे लोक विचारतात. आणि पावसाळी भागात जाताना ओल शोषणाऱ्या गोळ्यांची छोटी डबी न्या, रात्री मशीन त्यात ठेवायचं. आंबोलीच्या हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तर मशीनचं काय होईल.

नऊच्या सुमारास एक स्थानिक वाटाड्या तरुण आला. त्याच्याबरोबर हिरण्यकेशीच्या उगमाकडे निघालो. पायाला जळवा लागतात, मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडून घेतलं. रेनकोटबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याची टोपी कानावर आली की सळसळीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि छत्रीवर पाऊस वाजतो. साध्या गोल काठाच्या टोपीत कान मोकळे राहतात, अंग भिजलं तरी हरकत नाही.

वाटेत त्या पोरानं हात वर करून थांबवलं. “शिक्रा ऐकताय?” ऐकत होतो. मग बुलबुल. मग पुन्हा शिक्रा. मग मांजरासारखं काहीतरी. “सगळं एकटाच करतोय.” वर फांदीवर भृंगराज बसला होता, शेपटीच्या दोन तारांना टोकाशी पिसांचे झुपके. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात याचा हात धरणारा आपल्या जंगलात कुणी नाही. पुढे मलबारी राखी धनेशाची जोडी कुणी खो-खो हसावं तशी ओरडत गेली आणि बाबाही मोठ्यानं हसले.

उगमापाशी छोटं देऊळ आहे, गुहेतून पाणी येतं आणि कुंडात पडतं. इथेच सापडलेल्या एका माशाला या नदीचंच नाव मिळालं आणि त्या माशासाठी ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. कुंडाच्या वरच्या खडकातून आणखी एक कस्तूर गात होता. घरामागच्यापेक्षा याची चाल वेगळी होती, हे बाबांनी ओळखलं.

रात्री बेडकांनी सगळा ताबा घेतला. कंदिलाच्या उजेडात बाबांना त्या वेगळ्या चालीचं कुतूहल सुटेना, म्हणून मी त्यांना विसाव्या शतकाच्या मध्यावरचे प्रयोग सांगितले. केंब्रिजला थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या गाण्यापासून तोडून वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली, पण अर्धवट, ओबडधोबड. पुढे पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात दाखवलं, की एकाच जातीच्या चिमण्यांची बोली काही मैलांवर बदलते आणि पिल्लू ज्या भागात वाढतं तिथली बोली उचलतं. शिकायचं एक कोवळं वय असतं, ते गेलं की नीट जमत नाही. माणसाच्या पोराचंही बरंचसं असंच. सस्तन प्राण्यांत आवाज ऐकून शिकणारे मोजकेच, आपल्या जवळच्या वानरांनाही ते फारसं साधत नाही. या बाबतीत आपलं नातं त्यांच्यापेक्षा कस्तुराशी जास्त जुळतं.

बाबा म्हणाले, “म्हणून पायरीवर व्हय आलं होय.”

मी त्यावर काही बोलले नव्हते. त्यांच्या लक्षात आलं होतं तर.

शनिवार : घाट उतरताना

शनिवारी सकाळी निघणं मुद्दामच ठेवलं होतं. पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवार आंबोलीच्या धबधब्याशी गाड्यांची रांग आणि स्पीकर. ऐकायला जायचं असेल तर सोमवार ते शुक्रवारच जा. आणि शक्यतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढे पावसाचाच आवाज इतका होतो, की कस्तूर सोडून फारसं काही हाती लागत नाही. त्याच भागात दाजीपूरचं जंगल जोडायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद ठेवतात. गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं ते जुनं अभयारण्य आहे, मेमध्ये पहाटे तिथल्या रानकोंबड्यांनी जंगल दणाणून जातं.

सावंतवाडीकडे उतरलो. खाली पाऊस नव्हता, उकाडा होता. चहाच्या टपरीवर थांबलो तर समोरच्या काजूच्या झाडातून पावशा. बाबांनी टपरीवाल्याला विचारलं, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?”

“पावशो. वराडता मा? दोन दिसात इलो समजाचा.”

“आमच्याकडं पेरलंयसुद्धा.”

“पावसाआधी?” तो माणूस चकितच झाला. मग धूळवाफ म्हणजे काय, बी उगवलं नाही तर काय करता, इकडे तरवा कधी टाकता, अशी दोघांची चांगली अर्धा तास चर्चा झाली. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. पावशा सगळा वेळ ओरडत होता.

तिसऱ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. बाबांनी तो मशीनमध्येच घेतला, त्यामुळे मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. पाऊस लागलाय, भात बोटभर आलंय, एवढं बाबांच्या ‘व्हय, व्हय’वरून कळलं. मग त्यांनी फोन बाजूला धरून मला सांगितलं, “टिटवीची तीन निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. पिल्लं ओढ्याकडं गेली, तात्या काठ्या काढतोय.” आणि पुन्हा फोन कानाशी नेऊन विचारलं, “मग त्या तुकड्यात काय लावतोस? नाचणी लाव की.”